क्विअर (लिंगभाव-लैंगिकतेच्या रूढ चौकटीत न बसणाऱ्या) आणि अपंग शरीराचं सादरीकरण बसवताना : तांत्रिक चर्चेचा धागा

पडद्यामागे

लिंगभाव, अपंगत्व आणि शरीराचं वेगळेपण यांना एकत्र हात घालणाऱ्या परफॉर्मन्स आर्टवर (कलाकाराचं स्वतःचं शरीर हेच जिचं माध्यम) मराठीत जे थोडंफार लिहिलं जातं, त्यात 'धाडसी' आणि 'हेलावून टाकणारं' ही दोन विशेषणं काढली तर फारसं काही उरत नाही. हे प्रयोग बसवतात कसे, यावर एक धागा असावा म्हणून हा काढला. जमीन, नेपथ्य, कपडे, रंगभूषा, उजेड, आवाज, वर्णन, संमती, यातलं ज्याला जे पक्कं माहीत आहे ते लिहावं. अनुभवकथनासाठी वेगळा धागा काढू.

चर्चा हवेत राहू नये म्हणून आधी तीन दाखले.

लोरेन्झा ब्योटनर : जन्म १९५९, चिलीतलं पुंता अरेनास. लहानपणी विजेच्या तारांचा धक्का बसून दोन्ही हात गेले. पुढे जर्मनीत आल्या, कृत्रिम हात नाकारले, तोंडाने आणि पायांनी चित्रं काढली, कासेलला कलाशिक्षण घेतलं, ट्रान्स स्त्री म्हणून जगल्या. हात नसलेल्या व्हीनसच्या पुतळ्याच्या रूपात त्या उभ्या राहायच्या. १९९२च्या बार्सिलोना पॅरालिम्पिकची शुभंकर 'पेत्रा' त्यांनी साकारली. १९९४ साली एड्सशी संबंधित आजाराने गेल्या.

बॉब फ्लॅनगन : सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसांचा जन्मजात आजार. जोडीदार शेरी रोझ यांच्यासोबत १९९२ साली सांता मोनिकाच्या कला संग्रहालयात 'व्हिजिटिंग अवर्स' केलं. दालनातच रुग्णालयाची खोली उभारली होती आणि खाटेवर ते स्वतः. अधूनमधून घोट्यांना दोर बांधून कप्पीने त्यांना उलटं वर ओढलं जायचं.

कॅसिल्स : ट्रान्स कलाकार. 'बिकमिंग ॲन इमेज' (२०१२ पासून) पूर्ण अंधारात होतं. सुमारे ९०० किलो मातीच्या ठोकळ्यावर लाथाबुक्क्या चालतात आणि उजेड फक्त छायाचित्रकाराच्या फ्लॅशचा.

तिन्हींत बघणाऱ्याला कुठे उभं करायचं हे कलाकार ठरवतो. फ्लॅनगनच्या खोलीत शिरलात की तुम्ही आजाऱ्याला भेटायला आलेले पाहुणे. म्हणून माझ्या मते नेपथ्याचा पहिला आकडा रंगमंचाच्या लांबीरुंदीचा नसावा, डोळ्यांच्या उंचीचा असावा. व्हीलचेअरवर बसलेल्या प्रौढ माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ११५ ते १२० सेंमीवर असतात. सपाट दालनात प्रेक्षक भोवती उभे राहिले तर सगळ्या बाजूंनी वरून खाली बघणार, म्हणजे नेमकी तीच नजर जिच्याविरुद्ध हे काम असतं. प्रेक्षकांना ३५-४० सेंमीच्या बाकांवर बसवलं की डोळे जवळपास समोरासमोर येतात. उलट १ मीटर उंच मंचावर खुर्ची नेली तर पहिल्या रांगेला फक्त चाकं आणि पावठाण (पाय टेकवायची पट्टी) दिसतं. ते हवं असेल तर ठेवा, पण ठरवून ठेवा.

चाकांची_बाजू

जमिनीपासून सुरुवात करतो, कारण सर्वात जास्त घोळ तिथेच होतात.

हलकी हाताने ढकलायची खुर्ची ८ ते १२ किलोची असते. विजेवरची खुर्ची बॅटऱ्यांसकट १०० ते १८० किलो, त्यावर माणूस. मंचाच्या तक्त्यांवर 'दर चौरस मीटरला ५०० किलो' असं लिहिलेलं असतं, ते पसरलेल्या वजनाचं. खुर्चीचं वजन चार ठिकाणी तळव्याएवढ्या जागेवर येतं. त्यामुळे तक्ता बनवणाऱ्याकडून एका बिंदूवर किती वजन चालतं तो आकडा वेगळा मागून घ्या. नाही मिळाला तर वरून १८ मिमी प्लायवूडचा आणखी एक थर, खालच्या सांध्यांना आडवा टाकून.

नाचासाठी अंथरतात ते व्हिनाइल आदल्या दिवशी उलगडून ठेवायला हवं. लगेच चिकटवलं तर दुसऱ्या दिवशी फुगे येतात. विजेवरची खुर्ची जागच्या जागी वळली की चाक व्हिनाइलला पिळतं आणि सांधा उघडतो. सांध्याची पट्टी पूर्ण लांबीभर लावा, दर फुटावर तुकडा लावून भागत नाही. एकदा का पुढचं छोटं चाक उघड्या सांध्यात अडकलं की खुर्ची थांबते आणि माणूस पुढे जातो.

उतार : इमारतीसाठी सर्वसाधारण प्रमाण १:१२, म्हणजे ६० सेंमी उंचीला ७.२ मीटर लांबी. रुंदी निदान ९० सेंमी, वळायला १५० सेंमीचं मोकळं वर्तुळ. हे प्रवेशासाठी. नृत्यासाठीचा उतार मुद्दाम तीव्र ठेवता येतो. कायनेटिक लाइट या गटाच्या 'डिसेंट'मध्ये ॲलिस शेपर्ड आणि लॉरेल लॉसन यांनी व्हीनस आणि अँड्रोमेडा यांचं प्रेम वळणदार उतारावर खुर्च्यांसकट नाचून दाखवलं. तिथे उताराचं काम वरखाली नेण्यापुरतं राहत नाही, तो नाचातला तिसरा भिडू होतो.

पण तीव्र उताराला दोन ठिकाणी अडतं, दोन्ही पायथ्याशी. चढताना खुर्ची मागे कलते, मागची उलटणरोधक चाकं सपाट जमिनीला टेकतात आणि मुख्य चाकं अधांतरी फिरत राहतात. उतरताना पावठाणाची कड जमिनीवर आपटते. उपाय एकच, पायथ्याशी निम्म्या कोनाचा ५०-६० सेंमीचा तुकडा. उलटणरोधक चाकं काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, ज्याची खुर्ची तो ठरवेल.

उताराच्या दोन्ही कडांना ओठ (चाक अडवणारा उंचवटा) हवाच, ५ सेंमीहून कमी नको. अंध किंवा अल्पदृष्टी कलाकार असतील तर मंचाच्या कडेपासून ६० सेंमी आत व्हिनाइलच्या पट्टीखाली बारीक दोरी चिकटवा. पायाला कळते. पण तिच्यावरून चाकं जाणार असतील तर ३ मिमीहून जाड नको.

चकाकीची पूड हा चाकांचा शत्रू आहे. ड्रॅगवाल्यांनी (भडक वेशभूषा-रंगभूषा करून लिंगभावाशी खेळणाऱ्या कलाकारांनी) वाईट वाटून घेऊ नये. ती पुढच्या चाकांच्या बेअरिंगमध्ये जाते, केसांसोबत गुंडाळली जाते आणि चाक जॅम होतं. जॉयस्टिकच्या रबरी घडीत गेली तर काम आणखी अवघड. जॉयस्टिकवर पातळ पारदर्शक पिशवी, खाली रबरबँड. बेअरिंग प्रयोगानंतर त्याच रात्री साफ करायचे.

कुबडी१२

वरच्याला जोड. माती, दूध, कृत्रिम रक्त, तेल यातलं काहीही जमिनीवर सांडणार असेल तर कुबड्यांची रबरी टोपणं आधी बघा. नक्षी झिजलेली असेल किंवा रबर कडक झालं असेल तर बदला. नवीन टोपणसुद्धा टाल्कम पावडरवर घसरतं, ओल्यापेक्षा जास्त. ओली जागा आखून घ्या आणि तिच्या बाहेर पडताना एक खडबडीत कापड पसरा, नेपथ्याच्या रंगाचं. खुर्चीच्या चाकांवरच्या, हाताने धरायच्या कड्याही ओल्या झाल्या की ब्रेक लागत नाही, उतारावर तर नाहीच.

कुबड्या घेऊन नाचणाऱ्या क्लेअर कनिंगहॅमचं काम बघा ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी. कुबडीवर भार कुठून कुठे जातो यावरच सगळी रचना उभी आहे.

रंगपेटी

लोरेन्झा ब्योटनरच्या व्हीनसवरून पुतळा व्हायची हौस पुष्कळांना येते, म्हणून आधी प्लास्टरचं लिहिते.

प्लास्टर ऑफ पॅरिस घट्ट होताना तापतं. जाड थरात तापमान ६० अंशांच्या वर जाऊ शकतं, आणि हात बुडवून साचा घेताना गंभीर भाजल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. शरीराचा कुठलाही भाग ओल्या प्लास्टरमध्ये बुडवायचा नाही. साचा घ्यायचा तर प्लास्टरची पट्टी, खाली पेट्रोलियम जेली, ३ ते ४ थर. पाणी गार किंवा जेमतेम कोमट, २४ अंशांच्या आत. आठपेक्षा जास्त थर आणि गरम पाणी एकत्र आलं की भाजण्याचा धोका खरा. घट्ट होत असताना तो भाग उशीवर किंवा गादीवर टेकवू नका, उष्णता बाहेर पडत नाही. ज्या भागाला संवेदना नाही (मज्जारज्जूची इजा, नसांचे काही आजार) तिथे प्लास्टर नकोच, कारण भाजल्याचं कळायला कोणी नाही.

पुतळ्याचा आभास हवा असेल तर पाण्यात कालवायचा पांढरा रंग, ओल्या स्पंजने दोन पातळ हात, मधे पूर्ण वाळू द्यायचा. कोपर, गुडघा, काखेत तो तडकतो; तिथे थर आणखी पातळ ठेवा आणि तडा गेला तर जाऊ द्या, संगमरवरालाही जातात.

फुप्फुसाचा आजार असलेला कलाकार किंवा सहकलाकार असेल तर सुटी पावडर आणि धुराचं यंत्र दोन्ही वगळा. 'थोडाच धूर' असं काही नसतं.

स्टंपवर (कापलेल्या अवयवाच्या उरलेल्या भागावर) रंग : लायनर (कृत्रिम अवयवाखालचा सिलिकॉनचा मोजा) चढवायचा असेल त्या भागावर काही लावू नका. तेलकट रंगाने सिलिकॉन घसरतं, आत घाम साठतो आणि कृत्रिम पाय प्रयोगाच्या मधे फिरतो. लायनर नसेल तर त्वचेवर चालणारा कोणताही रंग चालतो, पण २४ तास आधी छोट्या जागेवर लावून बघा. व्रणाची त्वचा बाकीच्या त्वचेसारखी वागत नाही.

स्टोमाची (पोटावर केलेल्या मलमूत्राच्या वाटेची) पिशवी रंगवून दाखवणारे कलाकार आहेत आणि ते छान दिसतं. दोन गोष्टी सांभाळा. पिशवीवर वायू बाहेर पडायची एक बारीक जाळी असते. तिच्यावर रंग बसला की पिशवी फुगते, आणि फुगलेली पिशवी नाचात सुटते. पिशव्यांच्या डब्यात ती जाळी झाकायचे छोटे स्टिकर येतात, रंगवताना लावा आणि नंतर काढा. दुसरं, चिकट चकतीच्या कडेला तेल, क्रीम, रंग काढायचा द्रव लागला की कड उचलते. नवी पिशवी प्रयोगाच्या काही तास आधी लावलेली बरी, ऐन वेळी नको.

शिवणटिपण

बसलेल्या शरीरासाठी कपडा उभ्या पुतळ्यावर बेतला की संपलं. खुर्चीवर बसणाऱ्यासाठी पँट किंवा स्कर्टची मागची उंची वाढवायची, पुढची कमी करायची. नाहीतर मागे उघडं पडतं आणि पुढे पोटावर गठ्ठा होतो. बैठकीखाली आणि मांडीमागे शिवण, खिसा, टिकली, झिप काही नको. दोन तास त्यावर बसून दाबव्रण होतो, आणि संवेदना नसेल तर कळतो तो रात्री कपडे काढल्यावर.

कॉर्सेट : तयार कॉर्सेटची पुढची पट्टी बसल्यावर मांडीत आणि वर छातीखाली रुततेच. पुढचा खालचा काठ ३ ते ५ सेंमी आखूड करा. मागची दोरी खुर्चीच्या पाठीला दाबून कण्यावर वळ उठवते, म्हणून दोरी बाजूला घ्या आणि पुढे झिप.

बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा) : ८ तासांच्या वर नाही, झोपताना नाही. लवचीक बँडेज किंवा रुंद चिकटपट्टी छातीभोवती गुंडाळणं तर अजिबात नाही, श्वासाबरोबर ते सैल होत नाही. गाणं किंवा धापा टाकणारं नृत्य असेल तर एक माप मोठा बाइंडर आणि वर सैल शर्ट. पाठीचा बाक असेल, बरगड्या सहज सरकत असतील तर पूर्ण बाइंडरऐवजी शरीरावर लावायच्या लवचीक टेपचा विचार करा. तीही भोवती गुंडाळायची नाही, पुढून काखेकडे ओढायची आणि काढताना तेल लावून.

कृत्रिम पायाला उंच टाच : ड्रॅगमध्ये हे फार येतं. पायाचं पाऊल ठरावीक टाचेच्या उंचीला जुळवलेलं असतं. त्यावर उंच टाच चढवली की नळी पुढे कलते, गुडघा मुडपतो आणि माणूस पुढे पडतो. टाचेची उंची बदलता येणारी पावलं मिळतात, साधारण ५ सेंमीपर्यंत. त्याहून उंच हवी असेल तर त्या बुटासाठी वेगळं पाऊल जुळवून घ्यावं लागतं. हे काम प्रोस्थेटिस्टचं, म्हणजे कृत्रिम अवयव बसवणाऱ्या तज्ज्ञाचं. पाचर ठोकून भागवू नये.

मध्यंतर

बाइंडर आणि मज्जारज्जूची इजा यांचा काही संबंध आहे का? कुठेतरी उल्लेख वाचला होता.

शिवणटिपण

आहे, आणि वरच लिहायला हवा इतका महत्त्वाचा आहे. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला (टी-६) किंवा त्यावर इजा असेल तर इजेच्या खाली घट्ट काही असलं, मूत्राशय भरलं, कॅथेटरची नळी दुमडली, टेपने त्वचा ओढली गेली, की रक्तदाब झपाट्याने चढू शकतो. त्याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. कॉर्सेट, बाइंडर, टकिंगची (जननेंद्रिय दिसू नये म्हणून मागे दाबून धरायची) टेप, घट्ट बूट हे सगळे त्याला निमित्त होऊ शकतात. लक्षणं : ठणकणारं डोकं, इजेच्या वर चेहरा लाल आणि घाम, नाक चोंदणं, नाडी मंद.

करायचं काय : आडवं करायचं नाही. ताठ बसवायचं, पाय खाली सोडायचे, घट्ट ते सगळं सोडायचं, मग नळी आणि लघवीची पिशवी बघायची. दर काही मिनिटांनी रक्तदाब मोजायचा. कारण सापडून लगेच उतरलं नाही तर रुग्णवाहिका. या लोकांचा नेहमीचा रक्तदाब (वरचा आकडा) मुळात कमी, ९० ते ११० असतो, त्यामुळे १४० दिसला म्हणजे 'ठीक आहे' असं म्हणू नका. तो त्यांच्यासाठी बराच चढलेला असतो.

म्हणून पोशाख एका हालचालीत उघडेल असा शिवायचा आणि विंगेत बँडेज कापायची बोथट टोकाची कात्री ठेवायची. सॅटिन कितीही महाग असलं तरी कापायचं, हे आधीच ठरवून ठेवा.

चाकांची_बाजू

+१. आणि दाबव्रणाचं : दर १५ ते ३० मिनिटांनी एक-दोन मिनिटं भार हलवावा लागतो, पुढे वाकून किंवा एका बाजूला कलून. ते विंगेत जाऊन करण्याऐवजी रचनेतच बसवा. पुढे वाकण्याची दोन मिनिटं कुठल्याही प्रयोगात सापडतात, आणि दिग्दर्शकाला 'तेवढं लांबवू नका' म्हणायचा अधिकार राहत नाही. गादी मात्र बदलायची नाही. दिसायला बरं म्हणून खुर्चीची गादी काढून लाकडी सिंहासनावर बसवणारे नेपथ्यकार आहेत.

दिवाबत्ती

प्रकाशाचं. स्ट्रोबचा (भराभर लखलखणाऱ्या दिव्याचा) धोका, म्हणजे काहींना फेफरं येण्याचा, सेकंदाला ३ ते ३० लखलखाटांच्या पट्ट्यात असतो. तीनच्या खाली राहा, आणि ही मोजणी सगळ्या दिव्यांची मिळून. दोन दिवे प्रत्येकी सेकंदाला दोनदा, पण आगेमागे लागत असतील तर डोळ्याला चार पडतात. गडद लाल रंगात लखलखाट आणखी वाईट. सूचना दारावर लावून पुरत नाही. तिकीट घेतानाच कळायला हवी, आणि प्रयोगात कितव्या मिनिटाला ते येतं हेही.

कॅसिल्सच्या कामासारखा एकेकटा फ्लॅश, मधे काही सेकंदांचा काळोख, हा त्या पट्ट्यात येत नाही. तिथला प्रश्न निराळा आहे. फ्लॅशची प्रतिमा डोळ्यांत राहते आणि तिच्यावरच सगळं काम उभं आहे. अंध प्रेक्षकाला त्यातून काय मिळतं? श्वास, माती थापटल्याचा आवाज, कलाकाराची फिरती दिशा. ते नीट ऐकू यायला हवं तर वातानुकूलन यंत्राची घरघर बंद करा. ध्वनिवाले हे विसरतात.

स्वस्त एलईडी मंद केल्यावर थरथरतात. डोळ्याला नाही दिसलं तरी मायग्रेनवाल्यांना जाणवतं आणि कॅमेऱ्यात पट्टे येतात. मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर धरा, पट्टे दिसले तर तो दिवा बदला.

एक अवांतर, पण जिवावर बेतणारं. खुर्चीचा चार्जर, व्हेंटिलेटर, सक्शन यंत्र डिमरच्या (दिवे कमीजास्त करणाऱ्या यंत्राच्या) लाइनवर लावायचं नाही. विंगेतला प्रत्येक सॉकेट साधा असेलच असं नाही. स्वतंत्र लाइन, त्यावर रंगीत चिकटपट्टी, आणि प्रयोग संपल्यावर मुख्य स्विच बंद करणाऱ्याला त्याची कल्पना.

कानगोष्ट

ध्वनिवर्णनावर (अंध प्रेक्षकाला मंचावरचं दृश्य बोलून सांगण्यावर) दोन मतं ऐकायला मिळतात. एक म्हणतं, वर्णनकार तटस्थ असावा, दिसेल ते सांगावं. दुसरं म्हणतं, वर्णन कलाकारानेच लिहावं. माझं मत दुसऱ्याकडे झुकतं, निदान या प्रकारच्या कामात. 'दिसेल ते' म्हणजे काय? डोळस माणसाची नजर आधी व्यंगावर जाते, मग 'बाई की पुरुष' या प्रश्नावर. तटस्थपणाच्या नावाखाली तोच क्रम अंध प्रेक्षकाच्या कानात ओतला जातो.

रीत अशी : प्रत्येक कलाकाराने स्वतःचं दोन-तीन वाक्यांचं वर्णन द्यावं. त्वचा, केस, बांधा, कपडे, खुर्ची किंवा कुबडी, लिंगाबद्दल जे सांगायचं तेवढंच. ते सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणात, प्रयोगाच्या आदल्या दिवशी उपलब्ध, १० ते १५ मिनिटांचं. प्रयोगातल्या वर्णनात मग शरीर पुन्हा पुन्हा सांगावं लागत नाही, हालचाल सांगता येते.

मराठीत क्रियापदालाच लिंग लागतं. 'तो वळतो', 'ती वळते'. कलाकार दोन्हींत बसत नसेल किंवा प्रयोगभर बदलत असेल तर क्रियापद काढून टाका : 'उजवा हात वर. मान डावीकडे. चाक अर्धं वळण.' ऐकायला चटकन सवय होते आणि वाक्य छोटं झाल्याने वेळही वाचतो. नावाने उल्लेख हा दुसरा मार्ग.

वर्णनकाराने निदान दोन तालमी बघायला हव्यात, त्यातली एक पूर्ण उजेड आणि कपड्यांसह. कायनेटिक लाइटने ऑडिमॅन्स नावाचं ॲप केलं त्यात एकाच नाचाचे अनेक ध्वनिमार्ग असतात आणि ऐकणारा त्यांच्यात फिरू शकतो. एवढं जमलं नाही तरी दोन मार्ग, एक वर्णनाचा आणि एक खुर्चीला लावलेल्या मायक्रोफोनचा, सहज देता येतात.

प्रयोगाआधी तासभर नेपथ्य हाताने चाचपायला बोलावतात. तिथे कृत्रिम अवयव ठेवायचा की नाही हे त्याच्या मालकाने ठरवायचं. ठेवला तर तो टेबलावर, शरीरावर असताना नाही.

मध्यंतर

पण मग वर्णनकाराला काहीच स्वातंत्र्य नाही का? कलाकार स्वतःबद्दल जे सांगतो त्यापेक्षा प्रेक्षकाला वेगळं दिसतं, तोही अनुभवाचा भाग आहे.

कानगोष्ट

डोळस प्रेक्षकाला वेगळं दिसतं ते त्याचं त्याला दिसतं. अंध प्रेक्षकाला मधल्या माणसाचं मत ऐकवलं तर त्याचं त्याला काय राहिलं? स्वातंत्र्य हालचालीच्या वर्णनात घ्या की, तिथे भरपूर आहे.

पडद्यामागे

सहमत नाही पूर्ण, पण चालू ठेवू. कॅप्शनबद्दल, म्हणजे कर्णबधिर प्रेक्षकांसाठी पडद्यावर दाखवायच्या मजकुराबद्दल, कोणी?

अक्षरजुळणी

देवनागरी कॅप्शनचा पहिला त्रास : पुष्कळ सॉफ्टवेअर जोडाक्षरं मोडतात आणि पहिली वेलांटी अक्षरानंतर जाते. 'शक्ती'चा पाय मोडका दिसतो आणि 'स्थिती' वाचताच येत नाही. तालमीत बघा. मोडत असेल तर प्रत्येक ओळ चित्र म्हणून तयार करा आणि स्लाइडसारखी पुढे सरकवा. ओळींमधलं अंतर दीडपट, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. एका वेळी दोनच ओळी. काळ्यावर शुभ्र पांढरं चकाकतं, किंचित पिवळसर बरं.

आवाजाचं कॅप्शन '[संगीत]' असं लिहून मोकळं होऊ नका. क्रिस्टीन सन किम या कर्णबधिर कलाकाराने नेमक्या याच आळशीपणावर काम केलं आहे. कसलं संगीत, कुठून येतं, कशासारखं वाटतं ते लिहा. या प्रकारच्या प्रयोगात श्वास, चाकाची किरकिर, कॉर्सेट सुटल्याचा आवाज, व्हेंटिलेटरची लय हेच संगीत असतं.

सांकेतिक भाषेचा दुभाषी कोपऱ्यात उभा करू नका. कलाकाराजवळ, हात आणि चेहरा दोन्हींवर साधा बिनरंगी उजेड, कपडे एकरंगी आणि त्वचेच्या रंगाहून वेगळे. २०-३० मिनिटांनी दुसरा दुभाषी. मंचावर काळोख होणार असेल तर दुभाष्यापुरता अरुंद दिवा राहू द्या. कर्णबधिर कलाकारांना ठेका जमिनीतून हवा असेल तर लाकडी मंच आणि खाली बास स्पीकर. काँक्रीटवर कंप पोचत नाही.

कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेलं यंत्र) आणि विग : डोक्यावरची गोल चकती चुंबकाने धरलेली असते, विगच्या धातूच्या क्लिपा तिला ओढतात. क्लिपा चकतीपासून चार बोटं दूर शिवा. कानामागच्या मायक्रोफोनवर केसांची दाट पट्टी आली की आवाज घुसमटतो. तिथली एक पट्टी उसवून जाळी ठेवा.

दिवाबत्ती

त्यावरून एक वाद काढतो. हल्ली 'रिलॅक्स्ड' प्रयोगाचा आग्रह असतो : प्रेक्षागृहातले दिवे २०-३० टक्के चालू, दारं उघडी, हवं तेव्हा बाहेर जा, आवाज करा, बाजूला शांत खोली. टुरेट (नकळत हालचाली आणि आवाज होणारी स्थिती) असलेल्या जेस थॉम यांनी हा विचार बराच पुढे नेला, तो मला पटतो. पण ज्या कामाला संपूर्ण काळोख लागतो त्याचं काय करायचं? दार उघडलं की फ्लॅशची प्रतिमा गेली.

पडद्यामागे

दाराला दोन पडद्यांची बोळकंडी करा, एकामागे एक, मधे दीड मीटर. खुर्ची मधे मावली पाहिजे, म्हणजे एक पडदा मागे पडल्यावर दुसरा उघडता येतो. बाहेर जाण्याची वाट जमिनीवर अंधुक हिरव्या ठिपक्यांची, गुडघ्याच्या खाली. दाराशी एक माणूस कायम. काळोख किती मिनिटांचा हे आधी सांगा. ज्याला नकोच आहे त्याच्यासाठी शेजारच्या खोलीत आवाज थेट आणि उजेड चालू.

आवाज करणाऱ्या प्रेक्षकाचा प्रश्न त्या कामाला पडतच नाही, कलाकार स्वतः धापा टाकत असतो.

साक्षीदार

संमतीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. ड्रॅग सिंड्रोम हा डाउन सिंड्रोम असलेल्या ड्रॅग कलाकारांचा गट, २०१८ पासून, लंडनचा. २०१९ साली अमेरिकेत ग्रँड रॅपिड्सला ठरलेल्या जागेच्या मालकाने प्रयोग नाकारला, कारण काय तर या कलाकारांना समजून संमती देता येते की नाही याची शंका. प्रयोग दुसऱ्या जागी झाला. ही शंका अपंग नसलेल्या कलाकाराच्या ड्रॅगबद्दल कोणी घेत नाही, हे लक्षात घ्या.

तरी संमती घेण्याची रीत चांगली हवीच, सगळ्यांसाठी. करार सोप्या वाक्यांत, एका वाक्यात एकच गोष्ट, शेजारी चित्र. वाचून दाखवल्यावर लगेच सही नाही. दोन दिवसांनी पुन्हा विचारायचं आणि त्या वेळी पालक किंवा दिग्दर्शक खोलीत नको. प्रयोग, छायाचित्र, व्हिडिओ, समाजमाध्यम, संग्रह या पाच परवानग्या वेगळ्या. छायाचित्रांना एकेक बघून होकार, कारण कापाकापीत खुर्ची गायब होते किंवा नुसता स्टंप उरतो.

मंचावर थांबवण्याची खूण शब्दांवर अवलंबून नको. हात नसतील, आवाज येत नसेल, झटका आला असेल, तरी करता येईल अशी खूण त्या त्या माणसाबरोबर ठरवा : डोळे घट्ट मिटून तीन मोजणं, जीभ बाहेर, खुर्चीचा हॉर्न. खूण दिसताच उजेड वाढवणारा माणूस एकच आणि त्याने दिग्दर्शकाला विचारायचं नाही. उलटं टांगणं, बांधणं, सुया, रक्त असलं काही असेल तर ही खूण प्रत्येक तालमीत एकदा खरोखर वापरून बघायची.

कुबडी१२

टांगण्यावरून : माणूस उचलायच्या दोराला, कप्पीला, हुकाला निदान दहापट क्षमता धरतात. ८० किलोचा माणूस आणि १२ किलोची खुर्ची तर साखळीतला प्रत्येक भाग ९२० किलो पेलणारा हवा. खुर्ची कधीही ढकलायच्या दांड्यांना धरून उचलायची नाही, त्या निखळतात. माणसाचा हार्नेस वेगळा, खुर्चीचे बिंदू वेगळे. आणि कोण उतरवणार, किती सेकंदांत, हे घड्याळ लावून बघा.

नवा_पाहुणा

वाचनखूण साठवली. एक शंका : मुख्य कलाकाराची तब्येत ऐन दिवशी बिघडली तर बदली कलाकार कसा ठेवायचा? ज्या शरीरावर काम बसवलंय ते शरीर दुसऱ्याचं नसतं.

पडद्यामागे

बदली ठेवता येत नाही. तीन लांबींचे प्रयोग बसवा : पूर्ण, अर्धा, आणि कलाकार खाटेवरून किंवा घरून आवाजाने करेल असा. तिन्हींच्या उजेडाच्या याद्या वेगळ्या साठवा, तिन्ही कार्यक्रमपत्रिकेवर छापा, तिकीट एकच. कुठला होणार हे दार उघडायच्या तासभर आधी कलाकार सांगेल. सलग तालीम ४५ मिनिटं, मग १५ मिनिटं सुट्टी, आणि लागोपाठ दोन दिवस प्रयोग ठेवू नका. जागा भाड्याने घेताना मधला रिकामा दिवस खर्चात धरा, नाहीतर तो सगळ्यात आधी कापला जातो.